बंगल्यामागची खोली

बा, तू ती बंगल्यामागची खोली का नाकारलीस? याचं उत्तर मला अजून देता येत नाही. लहान होते तेव्हा वाटायचं, मोठी झाले की कळेल. मग वाटलं, शिकले की कळेल. आता आपल्या घरातली पहिली पदवीधर म्हणून सगळा तांडा मला ओळखतो, मी सरकारी नोकरी करते, चार बायकांसमोर उभं राहून बोलते. पण या एका प्रश्नापुढे मी अजून त्या दहा वर्षांच्या पोरीसारखीच उभी आहे. वडिलांना पत्र लिहिताना 'तुम्ही' लिहावं असं शाळेत शिकवलं होतं. ते माझ्या हातून होत नाही, आपल्याकडे बापाला कोणी तुम्ही म्हणत नाही. आणि आपली बंजारा बोली लिहायची सवय नाही म्हणून हे मराठीत लिहिते आहे. घरात आपण जे बोललो ते इथे बाजारच्या वऱ्हाडीत उतरेल, ते तू चालवून घे. तीही तू आपल्या बोलीइतक्याच मजेनं बोलायचास.

राज्य बदललं तो हिवाळा होता. आपला मुलूख मध्य प्रदेशातून निघून मुंबईकडे जोडला गेला, कचेरीतले हिंदी बोलणारे साहेब आपल्या मुलखाकडे निघून गेले आणि त्यांच्या जागी नवे साहेब आले. घाटंजीकडचा आपला तांडा सोडून तू चपराशाच्या नोकरीसाठी या तालुक्याच्या गावात आलास त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आपण नाल्यापलीकडे कुडाच्या घरात राहत होतो. कूड एका बाजूनं कलला होता, त्याला तू बाभळीचा टेकू दिला होतास. आई, आपली याडी, दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. सकाळी तू बिल्ला चिंचेनं घासायचास, पट्टा चढवायचास आणि नाला ओलांडून निघायचास. मला आठवतं ते तुझं चालणं. पट्टा चढवला की तू जरा ताठ चालायचास, आणि संध्याकाळी परतताना नाल्याच्या अलीकडेच तो काढून खांद्यावर टाकायचास. मग नाला ओलांडताना तू गुणगुणत असायचास. तुझ्याआधी तुझा आवाज घरी यायचा.

काम करायला तू कधी मागे सरला नाहीस. कचेरीतलं काम झालं की बंगल्यावरचं असायचं. बाईसाहेबांचं दळण तू डोक्यावरून आणायचास. साहेबांची आई पायांनी अधू होती, तिला खाटेसकट नाही, अलगद दोन्ही हातांवर उचलून तू अंगणातल्या उन्हात बसवायचास, आणि ती म्हातारी तुझ्याशीच गप्पा मारत राहायची. मला तू एकदा बरोबर नेलं होतंस. म्हातारीनं माझ्या हातावर तिळाचा लाडू ठेवला आणि तुला म्हणाली, "तुझी पोर हुशार दिसते रे. शिकव तिला." तू हसलास. तुझ्या तोंडावर कुठे लाचारी नव्हती आणि कुठे राग नव्हता. पुढे कॉलेजात मी स्वाभिमान या विषयावर भाषण केलं, टाळ्याही मिळाल्या. त्या भाषणातला माणूस कुणाचं दळण आणणारा नव्हता. घरी येऊन मी ते भाषण आठवणीतल्या तुझ्या चेहऱ्याला लावून पाहिलं, तर ते तुला कुठूनच बसेना.

तर त्या साहेबांनी तुला बंगल्यामागची खोली देऊ केली. कौलारू, फरशीची, शेजारी नळ. शाळा तिथून हाकेच्या अंतरावर. तू हात जोडलेस, "मोठी मेहरबानी साहेब," म्हणालास आणि संध्याकाळी घरी येऊन याडीला सांगितलंस की खोली देत होते, नाही म्हटलं. याडीची भाकर तव्यावरच राहिली.

"नाई म्हटलं? काहून?"

"असंच."

"असंच म्हंजे? कुडाला टेकू लावून राह्यला तू, पोट्टी नाल्यातून शाळेत जाते, फुकट खोली भेटून राह्यली आन म्हनते असंच! त्याहिच्या घरचे लाडू खाते, दळण वाह्यते, मग खोलीनं तुह्यं काय घोडं मारलं?"

तू भाकर उलटलीस, कारण ती करपायला लागली होती. मग म्हणालास, "खाल्लेलं जिरून जाते. छप्पर जिरत नाई."

एवढंच. याडीनं पुढे खूप काही ऐकवलं, तू ऐकत जेवलास. मला तुझा फार राग आला होता. माझ्या डोळ्यांपुढे नळ होता. तोटी फिरवली की पाणी, हे मी त्या बंगल्यात पाहून आले होते आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मग तू साहेबांबरोबर दौऱ्यावर गेलास. तिकडे राळेगावकडे कुठेतरी मुक्काम होते. तेवढ्यात याडीनं काय केलं ते तुला माहीतच आहे, पण माझ्या बाजूनं ते तू कधी ऐकलं नाहीस. याडीनं सकाळी आपला घेरदार फेट्या घागरा सावरला, भांडी गोधडीत बांधली, माझ्या डोक्यावर पाट दिला आणि आम्ही दोघी सरळ बंगल्याच्या मागच्या फाटकानं आत. बाईसाहेब खूश झाल्या. म्हणाल्या, "बरं झालं बाई आलीस. तो तुझा नवरा म्हणजे हट्टीच." ते दिवस माझ्या लहानपणीचे सगळ्यात श्रीमंत दिवस होते. मी दिवसातून कितीदा तरी नळ सोडायची. याडीला मात्र बसायला मिळायचं नाही. "अगं, जरा ये गं," अशी हाक सकाळपासून सुरू. पापड वाळत घालायचे, गादी उन्हात टाकायची, आरशांची कशिदाकारी करून उशीचा अभ्रा शिवून द्यायचा. वेचणीचे दिवस होते, तिच्या बरोबरच्या बायका फाटकावरून हाक मारून पुढे जायच्या आणि ती हात हलवायची, "तुम्ही व्हा पुढे." हे मला आज दिसतं. तेव्हा मला नळ दिसत होता.

शाळेत मी मैत्रिणींना सांगितलं, आम्ही आता बंगल्यात राहतो. तू दौऱ्यावरून परतलास तो नेमका शाळेवरूनच येत होतास, आणि तुझ्या कानावर ते पडलं. माझं दप्तर तू घेतलंस. थोडं चालून आल्यावर रस्त्याच्या कडेला उकिडवा बसलास, माझ्या डोळ्यांच्या पातळीवर आलास आणि विचारलंस, "बंगल्यात राह्यते तू?"

"हो."

"पुढच्या दारानं गेली का कधी?"

मी विचार केला. गेले नव्हते. कोणी अडवलंही नव्हतं, जायचं असतं हेच सुचलं नव्हतं.

"पाव्हणे येतात थे कोन्या दारानं येतात?"

"पुढच्या."

"मंग आपण पाव्हणे बी नाई, घरचे बी नाई. आपण तिथं कामाले जातो बाई. काम चांगलं आहे. पण घर म्हनू नको." तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. तुझ्याकडून मला जी काही बोलणी मिळाली असतील ती हीच. आवाजही चढला नव्हता. मला मार खाल्ल्यासारखं रडू आलं आणि तू मला खांद्यावर घेतलंस, मी तेवढी लहान राहिले नव्हते तरी.

त्या दिवशी याडीशी तू भांडशील असं मला वाटलं होतं. तू भांडला नाहीस. खोलीत बसून जेवलास, भाजीला नाव ठेवलं नाहीस, आणि मग घोंगडी उचलून फाटकाबाहेर गेलास. रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली अंथरलीस. दुसऱ्या दिवशीही तेच. थंडी मरणाची. सकाळी मी तुझ्यासाठी चहा घेऊन जायची तेव्हा घोंगडीवर दहिवर असायचं आणि बंगल्याचा माळी तुझी मस्करी करत असायचा.

"काय गा, घरवालीनं हाकलून देल्लं काय?"

"नाई गा. इथून तारे साजरे दिसते."

"आन खोलीतून?"

"खोलीतून कौलं दिसते."

तिसऱ्या की चौथ्या सकाळी साहेब फिरायला निघाले, त्यांनी तुला पाहिलं. मी चहा घेऊन तिथेच होते. वाटलं, आता नोकरी गेली. साहेब म्हणाले, "अरे, आत खोली दिलीय ना तुला?"

"देल्ली साहेब. मेहरबानी आहे."

"मग इथे काय?"

तू उभा राहिलास, अंगावरची घोंगडी काढून हातात घेतलीस. "कामाच्या वेळी आत असतो साहेब. काम झालं का बाहेर."

साहेब काठी आपटत पुढे गेले. नोकरी गेली नाही. याडी फाटकाशी उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं दुपारी भांडी बांधली आणि आम्ही नाल्यापलीकडे परत आलो. पण पुढे महिनाभर कुडाला काहीही झालं की ती कुडालाच सांगायची, "पड बाप्पा पड, आमच्या घरधन्याले तारे पाहाचे हायेत." तू हसायचास. दोन वर्षांनी त्याच घरात तू तापात गेलास. शेवटी साहेबांची ती अधू आई बैलांच्या खाचरातून तुला बघायला आली होती. खाचर दारापर्यंत येईना म्हणून तिला दोघांनी हातांवर उचलून आत आणलं. उचलणाऱ्यांना ती म्हणत होती, "तो असा नाही उचलत. तो अलगद उचलतो."

मला हे सगळं आठवायचं कारण, बा, गेलं वर्षभर मी अशाच एका खोलीत राहत होते.

माझी नोकरी पंचायत समितीत आहे. बायकांचे वर्ग घेत गावोगाव फिरायचं. बाळंतपणात काय जपावं, लहान मुलांना काय खाऊ घालावं, शिवण, आणि जमेल तेवढं वाचन. मला ही नोकरी मिळाली तेव्हा मी केळापूरच्या देवीला जाऊन आले आणि बसमध्ये खिडकीशी बसून मनाशी म्हटलं, आता मी कुणाची बांधील नाही. स्वतः कमावते, स्वतः खाते. स्वातंत्र्य म्हणजे एवढंच अशी माझी समजूत होती, आणि ती कॉलेजातल्या सगळ्याच मुलींची होती. पण रुजू झाले त्या गावात मला खोली मिळेना. एकटी मुलगी म्हटलं की दार अर्धं लागायचं, आणि कुठली, कोणाची, हे विचारून झालं की उरलेलं अर्धं. तेव्हा आमचे साहेब म्हणाले, "आमच्या क्वार्टरमागची खोली रिकामी आहे. मुलगी सासरी गेली आमची. तू आलीस तर काकूंना सोबत होईल." मी त्यांच्या पाया पडले. तुझी आठवण तेव्हा झाली नाही. खरं म्हणजे झाली, पण मी ती लांबवली. तुझ्या साहेबांची खोली वेगळी आणि ही वेगळी, असं मनाला सांगितलं. मी कुठे चपराशी होते?

आणि ती वेगळी होतीच. काकूंनी मला खरंच लेकीसारखं ठेवलं. मला ताप आला तेव्हा त्या माझ्या उशाशी बसल्या. रविवारी ओसरीवर बसवून माझ्या केसांना तेल लावायच्या आणि म्हणायच्या, "इतके दाट केस आणि असं दुर्लक्ष! तुझ्या आईनं काही सांगितलं नाही का गं?" मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारानं आत-बाहेर करायची. सरळ पाटावर बसून म्हणायची, काकू भूक लागली. असं म्हणायला मिळणं ही काय चीज आहे ते परगावी एकट्या राहिलेल्या मुलीलाच माहीत. कचेरीत मी त्यांना साहेब म्हणायची आणि घरी काका. पहिले काही महिने मला त्या दोन शब्दांच्या मधलं अंगण ओलांडताना काहीच वाटलं नाही.

मग हळूहळू ते अंगण पुसट होत गेलं. माझ्या खोलीच्या दाराला मी कुलूप लावलं, लहानपणी तू मला ट्रंकेसाठी आणून दिलं होतंस तेच, तर काकूंचा चेहरा उतरला. "आमच्यापासून कसलं गं कुलूप?" मी काढलं. त्यांच्या जास्तीच्या गाद्या माझ्या खोलीत आल्या, लोणच्याच्या बरण्या आल्या. घरी पाहुणे आले की मी भाजी चिरायला. कोणी मोठे पाहुणे तालुक्याला भेट द्यायला आले की फाटकाशी निरांजनाचं ताट घेऊन उभी राहायला मीच. "तुझ्या हातात ताट कसं शोभतं," काकू म्हणायच्या. शिकलेली मुलगी ओवाळायला आहे याचं पाहुण्यांना कौतुक वाटायचं, आणि साहेब मोठ्या अभिमानानं सांगायचे, "आमच्या मुख्य सेविका. मुलीसारखीच आहे." माझ्या वर्गात किती बायका येतात ते मला एकाही पाहुण्यानं विचारलं नाही, आणि ताट हातात असताना ते आपणहून सांगताही येत नाही.

जंगलाच्या कडेला एक लांबचं गाव आहे, तिथे माझा दर गुरुवारी वर्ग असायचा. बस अर्ध्या वाटेपर्यंत, पुढे सायकल. साहेब म्हणाले, "सायकलवर एकटी कशाला जातेस? मी जीप घेऊन निघालो की बरोबर येत जा." मी म्हटलं बरं. जीप गुरुवारी कधी निघाली नाही. एका गुरुवारी काकूंकडे हळदीकुंकू होतं, त्यानंतर एकदा त्यांचे व्याही आले. माझ्या न जाण्याची कारणं अशी, की एकही कारण वाईट नव्हतं. मग एके दिवशी सायकल काढून मी न विचारता गेले. वर्ग देवळाच्या ओट्यावर भरायचा. ओट्यावर कोणी नव्हतं. बायका वेचणीवर गेल्या होत्या, दुपारी परतल्या तेव्हा मला पाहून थबकल्या. कडेवर पोर घेतलेली एक जण, वर्गात सगळ्यांत जास्त बडबड करणारी, हसत पुढे आली.

"काय व बाई, सायबाच्या घरी पाव्हणे होते म्हने?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कंडक्टर सांगते ना. आम्ही फाट्यावर बसची वाट पाहाचो, थो म्हने बाई नाई आली, बाई पुऱ्या लाटून राह्यली." सगळ्या हसल्या. मग तिनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि अगदी सहज विचारलं, "एक सांग व, तू सरकारची हायेस का सायबाची?"

तिला टोचायचं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मजुरी बुडवून त्या वर्गाला बसायच्या, तेव्हा पुढच्या गुरुवारी मी येणार की नाही, हे कोणाच्या हातात आहे एवढंच तिला विचारायचं होतं. मी तिच्या पोराच्या अंगावरचं पुरळ बघत बसले आणि कडुनिंबाचा पाला उकळून आंघोळ घाल असं काहीतरी सांगितलं. परतताना सायकल चालवत नव्हते, हातात धरून चालत होते. तेव्हा, इतक्या वर्षांनी, मला तुझी घोंगडी दिसली.

सुट्टीत मी तांड्यावर याडीकडे गेले. ती आता तुझ्या भावाकडे असते. तुरी पाखडत होती. मी तिला सांगितलं, खोली सोडायचं मनात आहे. तिनं पाखडणं थांबवलं.

"नळ आहे त्या खोलीले?"

"आहे."

"फरशी?"

"आहे."

"पहिले थो, आता तू! माह्या नशिबी फरशीवर टेकनं नाईच." मग तिनं सूप जोरानं आपटलं. "बैलं गेले, लदेणी गेली, आन तुह्या बापाचं खानदान अजून बैलाच्या कायद्यानं चालते."

मी म्हटलं, कसला कायदा? तेव्हा तिनं जे सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकलं. तुझा आजा बैलांवर लोकांचा माल लादून मुलूखभर फिरायचा. त्यांचा एक नेम होता. ज्याचा माल लादला, त्याच्या वाड्यात मुक्काम करायचा नाही. तो कितीही आग्रह करो, डेरा गावाबाहेर माळावर. "त्याचं गवत बैलानं खाल्लं," याडी म्हणाली, "का सकाळी तो म्हनंल त्या वाटेनं बैल हाकलावं लागते. ओझं त्याचं, पण वाट आपली. हे तुह्या बापाची आजी घोकत राहे."

"म्हणून त्यानं खोली घेतली नाही?"

"मले काय ठाऊक? त्यानं काही सांगतलं का कधी? मी आपली मनानं म्हनते."

म्हणजे उत्तर तिच्याकडेही नाही. मी पुन्हा पुन्हा विचार करते, बा. तू तर लदेणी पाहिलीसुद्धा नव्हतीस. तुझ्या जन्माआधीच आगगाड्यांनी ती संपवली होती. न पाहिलेल्या बैलांच्या नियमासाठी कोणी थंडीत उघड्यावर निजेल का? की तुला याडीची ती वेचणी बुडताना दिसली होती? की मी मैत्रिणींना बंगला म्हणून सांगितलं, त्यात तुला माझं पुढचं सगळं आयुष्य कोणाच्या तरी मागच्या अंगणात दिसलं? की तुला खरोखर ताऱ्यांची आवड होती आणि आम्ही सगळे उगीच तुला मोठा करतो आहोत? मला ठाऊक नाही. मला एवढंच कळलं की तू काम नाकारलं नाहीस, माया नाकारली नाहीस, लाडूही नाकारला नाहीस. काम संपल्यावर कुठे जायचं, एवढंच फक्त स्वतःकडे ठेवलंस. कमावलं की माणूस मोकळा होतो असं मला वाटत होतं. तुझी कमाई माझ्याहून केवढी कमी होती, आणि तरी नाला ओलांडताना तू गात होतास.

साहेबांकडे मी घरी गेले नाही, कचेरीत गेले. मला वाटलं होतं ते रागावतील. ते रागावले नाहीत, ते दुखावले, आणि त्याच्यापुढे टिकून राहणं फार कठीण असतं.

"काकू काही बोलल्या का तुला?"

"नाही साहेब."

"मग मी काही बोललो? दौऱ्याला नको म्हणतो ते तुझ्या काळजीपोटीच ना, बाळ?"

मी आदल्या दिवसापासून मनात जुळवलेलं सगळं विसरले. जे तोंडाला आलं ते म्हटलं. "साहेब, साहेब म्हणून तुम्ही दौरा नाकारलात तर मी कारण विचारू शकते. भांडूही शकते. काका म्हणून नाकारलात तर मला काहीच विचारता येत नाही. मग त्या गावच्या बायकांना मी काय सांगू?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग समोरच्या खुर्चीकडे हात केला आणि म्हणाले, "बसा." वर्षभरात त्यांनी मला कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. मला तेच हवं होतं, बा, आणि त्याबरोबर 'बाळ' गेलं. आम्ही महिन्याच्या दौऱ्याबद्दल बोललो. गुरुवारबद्दल त्यांनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही कामाचे होते. मी उत्तरं दिली.

बाजाराच्या दिवशी मी सामान हलवलं. बाजाररस्त्यावर एका पिंजाऱ्याचं घर आहे, त्याची बायको माझ्या शिवणवर्गाला येते. तिनं वरची खोली दिली. म्हणाली, "बेटा, नल-वल कुछ नहीं, पानी मेरे साथ भरना पडेगा." खाली दिवसभर धनुकलीचा टणत्कार चालतो आणि कापसाचे तंतू जिन्यावरून वर येतात, माझ्या केसांत, भाजीत, सगळीकडे. दाराला मी तुझं कुलूप लावलं आहे. निघताना काकू अंगणात उभ्या होत्या. "आमचं काही चुकलं का गं?" मी म्हटलं, "नाही हो काकू. चुकलं असतं तर भांडून राहिले असते." त्यांना ते पटलं नाही. त्यांनी लोणच्याची बरणी माझ्या हातात दिली आणि पाठ फिरवली. मी बरणी घेतली. तूही घेतली असतीस. गुरुवारी मी त्या गावाला गेले. ओट्यावर चारच जणी होत्या. ती बडबडी म्हणाली, "पुढल्या गुरवारी येशील तं बाकीच्याहिले सांगतो." मी म्हटलं, सांग.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुला वाचायला येत नव्हतं, आणि याडीपुढे मोठ्यानं वाचलं तर ती नळाचाच विषय काढेल. शिवाय तुला विचारायचं म्हणून मी हे लिहायला घेतलं आणि विचारण्यासारखं काही उरलेलं नाही, सगळं करून झाल्यावर लिहिते आहे. काल रविवार होता. नवं पातळ नेसून मी साहेबांकडे गेले. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाय आपोआप वळत होते, ते ओढून पुढे आणले आणि पुढच्या दाराची कडी वाजवली. काकूंनी दार उघडलं. "अगं, मागून यायचं की!" म्हणाल्या, मग माझ्याकडे नीट बघितलं आणि बाजूला झाल्या. मला बैठकीत खुर्चीवर बसवलं, चहा कपबशीतून आला. तुला म्हणून सांगते, बा, मी तिथे ताठ बसले होते, बोलत होते, आणि माझं सगळं लक्ष आत स्वयंपाकघरातल्या माझ्या पाटाकडे होतं.